पुढच्या टप्प्यातला पायोरिया : शस्त्रक्रियेविना होणाऱ्या उपचारांची तुलना

पुढच्या टप्प्यात गेलेला पायोरिया म्हणजे नुसती हिरड्यांची सूज नव्हे. दाताला जबड्यात धरून ठेवणारे हाड आणि त्या हाडाला मुळाशी बांधणारे तंतू यांचाच या टप्प्यात ऱ्हास झालेला असतो. निरोगी तोंडात हिरडी आणि दात यांच्यामध्ये १ ते ३ मिलिमीटर खोलीची फट असते. आजार वाढतो तशी ती मुळाच्या दिशेने खोल होत जाते आणि तिला दंतवैद्य ‘पॉकेट’ म्हणतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या आजाराचे चार टप्पे मानले आहेत. तिसऱ्या टप्प्यात पॉकेट ६ मिलिमीटर किंवा त्याहून खोल असतात, दोन दातांमधल्या जागी मुळाचा आधार किमान ५ मिलिमीटर सुटलेला असतो आणि या आजारापायी चारपर्यंत दात गेलेले असू शकतात. चौथ्या टप्प्यात पाच किंवा अधिक दात गेलेले असतात, उरलेले हलू लागतात, फाकतात आणि चावण्याची घडीच विस्कटते. आजार किती वेगाने पुढे जाईल याचीही वेगळी प्रतवारी आहे. दिवसाला १० किंवा अधिक सिगारेटी ओढणारा, किंवा ज्याचे एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची दीर्घकालीन सरासरी दाखवणारे माप) ७ टक्के वा त्याहून जास्त आहे असा मधुमेही, सर्वांत वेगवान गटात मोडतो.

आजार इथवर पोचलेला असतानाही पहिला उपचार शस्त्रक्रियेचा नसतो, आणि बऱ्याच रुग्णांना तिची गरजच पडत नाही. मात्र शस्त्रक्रियेविना होणारे उपचार आज अनेक आहेत. मुळांची हाताने किंवा यंत्राने सफाई, पॉकेटमध्ये भरायची जेल आणि चिप, पोटात घ्यायच्या गोळ्या, लेसर आणि रंगद्रव्यावर प्रकाश टाकून केलेले जंतुनाशन हे सारे एकाच तोंडासाठी सुचवले जाऊ शकते. त्यांची किंमत सारखी नाही आणि उपयोग तर मुळीच सारखा नाही.

तुलना करायची तर मोजमाप आधी कळले पाहिजे. दंतवैद्य खुणा कोरलेली, बोथट टोकाची बारीक सळई पॉकेटमध्ये हलकेच सरकवून प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतो. कुठे रक्त येते, कुठे पू येतो, दात किती हलतो, दाढेची मुळे जिथे फुटतात तिथपर्यंत हाड गेले आहे का, याची तक्त्यात नोंद होते. उपचारांच्या सगळ्या अभ्यासांत हेच आकडे पाहिले जातात : पॉकेटची खोली किती मिलिमीटरने घटली, मुळाला पुन्हा किती आधार चिकटला आणि किती पॉकेट ‘बंद’ झाले, म्हणजे ४ मिलिमीटरपर्यंत येऊन त्यांतून रक्त येणे थांबले. हा तक्ता न करता केवळ एक्स-रे पाहून महागडा उपचार सुचवला गेला, तर तक्ता आधी मागावा. सुरुवातीचा आकडाच नसेल तर कोणत्याही उपचाराने काय साधले हे नंतर कोणालाच सांगता येणार नाही.

युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडाँटॉलॉजीने २०२० साली पहिल्या तीन टप्प्यांसाठी आणि २०२२ साली चौथ्या टप्प्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत उपचाराच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत आणि पहिली पायरी रुग्णाच्या घरातली आहे. पॉकेटमधले जंतू सुटे तरंगत नसतात. ते मुळाला चिकटलेल्या चिवट थरात राहतात आणि तो थर दात घासल्यानंतर काही तासांतच पुन्हा बसू लागतो. म्हणून रोजची सफाई नीट नसेल तर पुढचा प्रत्येक उपचार काही आठवड्यांत निष्प्रभ ठरतो. ज्यांच्या हिरड्या खाली सरकून दातांमध्ये फटी पडल्या आहेत त्यांच्यासाठी दातांमधून ओढायच्या दोऱ्यापेक्षा (फ्लॉस) दातांमधून फिरवायचा बारीक ब्रश, म्हणजे इंटरडेंटल ब्रश, अधिक कामाचा आहे. मुळाचा पृष्ठभाग सपाट नसतो, त्यावर खोबणी असतात. दोरा त्या खोबणींवरून नुसता ताणला जातो, ब्रशचे केस आत शिरतात. फटी लहानमोठ्या असल्याने एकाच तोंडात दोन-तीन मापांचे ब्रश लागू शकतात आणि ती मापे दंतवैद्याकडून बसवून घ्यावीत.

याच पायरीत तंबाखू येते. महाराष्ट्रात हा प्रश्न सिगारेट-बिडीपुरता नाही. खेड्यापाड्यांत अनेक स्त्रिया भाजलेल्या तंबाखूची मशेरी दात घासण्यासाठी वापरतात आणि तिला व्यसन मानत नाहीत. गुटखा आणि तंबाखू-चुना जिथे धरला जातो तिथली हिरडी तर जागच्या जागी खाली सरकते. धूम्रपानाची आणखी एक बाजू अशी की त्याने हिरड्यांतला रक्तस्राव दबतो. रक्त येत नाही म्हणून हिरड्या चांगल्या आहेत असे ओढणाऱ्याला वाटत राहते आणि आजार उशिरा उघडकीला येतो. उपचारानंतरची सुधारणाही त्याच्यात स्पष्टपणे कमी होते. मधुमेहाचे नाते दुहेरी आहे : साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांवर उपचार झाल्यास साखरही थोडी खाली येते. या विषयावरच्या चाचण्यांचा २०२२ साली कॉक्रेन संस्थेने घेतलेला आढावा सांगतो की हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी सुमारे ०.४ टक्का-अंकांनी घटते. ज्यांची साखर औषधे घेऊनही आटोक्यात येत नाही त्यांच्या दृष्टीने हा फायदा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

दुसरी पायरी हा साऱ्या उपचाराचा कणा आहे : हिरडीखालच्या मुळांची सफाई. तिला ‘स्केलिंग आणि रूट प्लेनिंग’ किंवा ‘डीप क्लीनिंग’ म्हणतात. दर सहा महिन्यांनी करायच्या वरवरच्या सफाईशी तिची गल्लत होऊ नये. सुन्न करणारे इंजेक्शन देऊन, पॉकेटच्या तळापर्यंत जाऊन, मुळाला चिकटलेले कठीण किटण आणि जंतूंचा थर काढला जातो. त्यासाठी दोन प्रकारची साधने आहेत. एक म्हणजे वेगवेगळ्या दातांच्या वेगवेगळ्या बाजूंसाठी वळवलेली हातातली क्युरेट, आणि दुसरे पाण्याच्या फवाऱ्यासह सेकंदाला हजारो वेळा कंप पावणारे अल्ट्रासोनिक यंत्र. यंत्राने काम लवकर होते, हाताने किटणाचा खडबडीतपणा बोटांना अधिक जाणवतो. निष्पत्तीत मात्र दोन्हींमध्ये दखल घेण्याजोगा फरक आढळलेला नाही. १९८० च्या दशकात बॅडरस्टेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच रुग्णाच्या तोंडात दोन्ही पद्धती वापरून पाहिल्या. एकच मूळ असलेल्या दातांवर, १२ मिलिमीटरपर्यंत खोल असलेल्या पॉकेटमध्येही सुधारणा झाली आणि दोन्ही पद्धतींनी ती सारखीच झाली. इतके खोल पॉकेट शस्त्रक्रियेविना सुधारूच शकत नाहीत ही तोवरची समजूत त्या कामाने मोडली. साधन कोणते यापेक्षा ते धरणारा हात किती सरावलेला आहे आणि त्याने किती वेळ दिला हे महत्त्वाचे आहे.

या सफाईने किती फरक पडतो? २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांसाठी झालेल्या आढाव्यानुसार सहा ते आठ महिन्यांनी पॉकेटची खोली सरासरी १.४ मिलिमीटरने घटते. ४ ते ६ मिलिमीटरच्या पॉकेटमध्ये घट सुमारे १.५ मिलिमीटर, तर ७ मिलिमीटर किंवा अधिक खोल पॉकेटमध्ये २.६ मिलिमीटर आढळली. सुमारे तीन-चतुर्थांश पॉकेट बंद झाले. दुसऱ्या कोणत्याही औषधाची किंवा यंत्राची भर हे आकडे डोळ्यांपुढे ठेवूनच जोखायला हवी. गेलेले हाड या उपचाराने सहसा परत भरून येत नाही. हिरडी आवळून मुळाला घट्ट बसते आणि ऱ्हास तिथे थांबतो. दाढांचे चित्र एवढे चांगले नसते. मुळे जिथे फुटतात त्या कमानीत साधन नीट पोचत नाही, त्यामुळे तिथे किटण मागे राहण्याची शक्यता जास्त असते.

सफाई तोंडाचे चार भाग करून आठवड्याच्या अंतराने करावी की एका-दोन बैठकांत उरकावी, यावर बराच वाद झाला आहे. बेल्जियममधील लूव्हेन येथील संशोधकांनी १९९५ मध्ये सगळे तोंड २४ तासांच्या आत साफ करून क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने धुण्याची पद्धत मांडली. न साफ केलेल्या भागातले जंतू साफ झालेल्या भागात परततात, असा त्यांचा तर्क होता. पुढच्या चाचण्यांत दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच ठरल्या. म्हणून निवड सोयीने करावी. दूरच्या गावाहून येणाऱ्याला दोन लांब बैठका बऱ्या पडतात. एकाच दिवशी सगळे तोंड साफ केल्यावर शरीरभर तात्पुरती दाहाची लाट येते व तापही येऊ शकतो, हे हृदयविकार असलेल्यांच्या बाबतीत लक्षात घ्यावे लागते; त्यांच्यासाठी तुकड्यातुकड्याने केलेले काम अधिक सुरक्षित.

‘दात साफ केले की हलायला लागतात’ ही भीती घराघरांत ऐकू येते आणि तिच्यापायी कितीतरी लोक उपचार अर्ध्यावर सोडतात. दात आधीच सैल झालेले असतात. किटणाचा जाड थर आणि सुजलेली हिरडी यांनी ते सैलपण झाकलेले असते. थर निघाला की फटी दिसतात, सूज ओसरली की दात लांब वाटतात, उघडी पडलेली मुळे गार पाण्याने शिवशिवतात. हे सारे खरे आहे आणि ते आधीच सांगितले गेले पाहिजे. शिवशिव बहुधा काही आठवड्यांत कमी होते, त्यासाठीची टूथपेस्ट उपयोगी पडते. सुरुवातीला किंचित वाढलेली हालचालही हिरडी आवळल्यावर पुष्कळदा कमी होते. तरीही चावताना दात त्रास देत असतील तर शेजारच्या दातांना आतून बारीक तारेने किंवा फायबरच्या पट्टीने बांधून ठेवता येतात. त्याने चावणे सुखाचे होते, मात्र आजार बरा होत नाही.

पॉकेटमध्ये ठेवायची औषधे ही सफाईला दिलेली जोड आहे. क्लोरहेक्सिडिनची विरघळणारी चिप, डॉक्सिसायक्लिन किंवा मेट्रोनिडॅझोलची जेल, मिनोसायक्लिनचे सूक्ष्म कण, टेट्रासायक्लिन भरलेले कोलॅजेनचे तंतू असे त्यांचे प्रकार आहेत. औषध काही दिवस जागच्या जागी सुटत राहते, त्यामुळे रक्तात जवळपास काही जात नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा जोडांमुळे मिळणारी भर ०.२ ते ०.६ मिलिमीटरच्या दरम्यान आढळली. सगळ्या तोंडाचा विचार केला तर ही भर तुटपुंजी आणि खर्च मोठा, कारण प्रत्येक पॉकेटमागे स्वतंत्र पैसे मोजावे लागतात. सफाईनंतरही हट्टाने उरलेल्या दोन-चार पॉकेटसाठी, किंवा ज्यांची शस्त्रक्रिया करता येत नाही अशा रुग्णांसाठी, त्यांचा विचार रास्त आहे. पहिल्याच भेटीत वीस-पंचवीस चिप सुचवल्या गेल्या तर कारण विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे.

गोळ्यांच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडॅझोल यांची जोडी १९८९ पासून या आजारात अभ्यासली गेली आहे आणि ती खरोखर काम करते. सफाईसोबत दिल्यास सहा महिन्यांनी सुमारे अर्ध्या मिलिमीटरची अधिक घट मिळते आणि खोल पॉकेटमध्ये फरक जास्त दिसतो. तरीही युरोपीय तत्त्वे तिचा सरसकट वापर नको म्हणतात. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू वाढणे ही तिची सार्वजनिक किंमत आहे, आणि जुलाब, मळमळ, अॅलर्जी ही रुग्णाची वैयक्तिक. तरुण वयात सगळ्या तोंडभर वेगाने पसरलेला आजार ही तिची खरी जागा. ही जोडी सफाईच्या जागी नव्हे, सफाईच्या सोबतच द्यायची असते, कारण शाबूत थरातल्या जंतूंपर्यंत औषध पुरेसे पोचतच नाही. हिरडी ठणकली की औषधांच्या दुकानातून मेट्रोनिडॅझोलची पाकिटे आणून दोन-तीन दिवस खाण्याची पद्धत म्हणूनच निरुपयोगी आणि घातक आहे. ठणका थांबतो, आजार चालूच राहतो. या औषधासोबत मद्य वर्ज्य आहे, आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम ते वाढवते.

डॉक्सिसायक्लिनची २० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, कित्येक महिने, हा वेगळाच उपचार आहे. इतक्या लहान मात्रेत ती जंतू मारत नाही. हिरडीतले तंतू विरघळवणाऱ्या शरीराच्याच विकरांना ती रोखते. अमेरिकन तत्त्वांनी तिला मध्यम ते गंभीर आजारात जोड म्हणून मान्यता दिली, युरोपीय तत्त्वांनी २०२० मध्ये तिच्या विरोधात मत दिले. लाभ थोडा आणि औषध महिनोन्‌महिने घ्यायचे, हे पाहता युरोपीय भूमिका अधिक पटण्याजोगी आहे. गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना हे औषध दिले जात नाही.

लेसरच्या जाहिराती मोठ्या असतात. वेदनाहीन, रक्तहीन, टाक्यांविना असे शब्द वाचून रुग्णाला वाटते की इथे सफाई टळेल. ती टळत नाही. दवाखान्यांत सर्रास दिसणारा डायोड लेसर किटण काढूच शकत नाही. एर्बियम लेसर काढू शकतो, मात्र त्याची निष्पत्ती क्युरेटपेक्षा सरस असल्याचे सिद्ध झालेले नाही. पॉकेटमध्ये रंगद्रव्य सोडून त्यावर विशिष्ट प्रकाश टाकण्याच्या पद्धतीची अवस्थाही तशीच आहे : काही चाचण्यांत भर दिसते, काहींत नाही. युरोपीय तत्त्वे दोन्ही जोड न वापरण्याचा सल्ला देतात. ज्याच्याकडे खर्चाला मर्यादा आहे त्याने लेसरचे पैसे मुळांच्या कसून सफाईवर आणि पुढच्या तपासण्यांवर घालावेत; त्यातून दात वाचण्याची शक्यता नक्कीच जास्त.

प्रोबायोटिक गोळ्या, ओमेगा-३ आणि स्टॅटिनची जेल यांच्याही शिफारशीला आज पुरेसा आधार नाही. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी आराम वाटतो, लवंग तेलाने ठणका तात्पुरता दबतो, पण चूळ कोणतीही असली तरी ती खोल पॉकेटच्या तळाशी पोचत नाही. हेच क्लोरहेक्सिडिनच्या माउथवॉशलाही लागू आहे. सफाईनंतर घासणे दुखते तेवढे दोन-तीन आठवडे ते उपयोगी असते. पुढे चालू ठेवल्यास दात तपकिरी होतात आणि जिभेची चव बिघडते.

उपचार सुरू करण्यापूर्वी दंतवैद्याला काही गोष्टी न विचारताही सांगाव्यात. हृदयात कृत्रिम झडप असेल किंवा पूर्वी हृदयाच्या आतल्या आवरणाचा जंतुसंसर्ग झाला असेल तर सफाईआधी प्रतिजैविकाची एक मात्रा घ्यावी लागते. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नये. ती चालू ठेवूनच सफाई बहुधा करता येते, निर्णय फिजिशियनच्या सल्ल्याने व्हावा. पेसमेकर असल्यास काही प्रकारची अल्ट्रासोनिक यंत्रे टाळतात. हाडे ठिसूळ होण्यावरची औषधे चालू असतील तर दात काढण्याचा प्रसंग येण्याआधीच हिरड्यांचा उपचार उरकणे शहाणपणाचे. गरोदरपणात सफाई सुरक्षित आहे आणि मधले तीन महिने त्यासाठी सर्वांत सोयीचे. गालावर सूज चढत असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल किंवा गिळायला त्रास होत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

खर्च परवडत नाही म्हणून उपचार थांबवण्याचे कारण नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आणि बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय येथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली हे काम करतात. फेऱ्या जास्त होतात आणि वेळ लागतो, पण तक्ता पूर्ण भरला जातो.

सफाईनंतर साधारण तीन महिन्यांनी सगळे पॉकेट पुन्हा मोजले जातात. त्याआधी मोजणे घाईचे ठरते, कारण हिरडी अजून भरून येत असते. फार खोल पॉकेटमध्ये तर सुधारणा जवळपास वर्षभर चालू राहते. या मोजणीवर पुढचे ठरते. ४ ते ५ मिलिमीटरचे रक्त येणारे पॉकेट उरले असतील तर तेवढ्यांची पुन्हा सफाई. ६ मिलिमीटर किंवा अधिक खोल पॉकेट तसेच असतील तर हिरडी उघडून मूळ साफ करण्याची शस्त्रक्रिया सुचवली जाते, आणि हाडाचा खड्डा खोल व अरुंद असेल तर तिथे हाड भरून आणण्याचा प्रयत्नही होतो. रोजची सफाई जमलेली नसेल किंवा तंबाखू चालूच असेल तर चांगला तज्ज्ञ शस्त्रक्रिया पुढे ढकलतो. ज्या दाताचा आधार जवळपास संपला आहे तो ओढून धरण्यात अर्थ नसतो, पण हा निकाल पहिल्या भेटीत न देता फेरमोजणीनंतर दिलेला बरा; मरणासन्न मानलेले काही दात सफाईनंतर वर्षानुवर्षे टिकतात.

यापुढची देखभाल कायमची असते. आजार आटोक्यात आल्यावरही तीन ते बारा महिन्यांच्या अंतराने मोजणी आणि सफाई करावी लागते. स्वीडनमध्ये पेर अॅक्सेल्सन आणि यान लिंडे यांनी नियमित देखभालीखाली असलेल्या रुग्णांचा ३० वर्षे मागोवा घेतला, आणि त्या काळात हिरड्यांच्या आजारापायी गेलेले दात अगदी मोजके निघाले. अंतर किती ठेवायचे हे माणसागणिक बदलते. मधुमेह, तंबाखू किंवा चौथा टप्पा असेल तर तीन महिने. दोन-तीन मोजण्यांत रक्त आणि खोली दोन्ही स्थिर राहिली तर ते सहा महिन्यांपर्यंत वाढवता येते आणि एखादा पॉकेट पुन्हा खोल झाला की पूर्ववत तीनवर आणले जाते.